लहान गट, मुली, खो-खो: पहिल्यांदाच संघ बांधतानाच्या नोंदी

माण तालुक्यातल्या एका गावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दहावीपर्यंत कबड्डी खेळलो, खो-खो नुसता बघितला. दुकानाच्या वहीत मोटारी लिहितो तशाच मागच्या पानांवर या नोंदी ठेवल्या. बारक्या पोरींचा संघ पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला कामाला येतील. निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नका.

18 नोव्हेंबर 2024, सोमवार

शाळेच्या बाई दुकानात आल्या. खो-खो घेणाऱ्या गुरुजींची बदली झाली आणि डिसेंबरात केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, स्पर्धा आहेत. "भाऊ, तुमची लेक चौथीत आहेच. संध्याकाळी तासभर बघाल का पोरींकडं?" मी हो म्हटलं. तेव्हा तासभर म्हणजे खरंच तासभर असं वाटलं होतं.

लहान गटात पहिली ते पाचवी येते. शाळेचा पट 46, मुली 21. पहिली-दुसरीच्या वगळल्या तर उरल्या 13. मैदानात नऊ लागतात, तीन राखीव. निवड करायला वावच नाही, आहेत त्या सगळ्या संघात. तेरावीच्या पायाला काटा रुतून पू झालाय, ती गुण लिहिणार.

संध्याकाळी टेप घेऊन मैदान आखलं. मोठ्यांचं माप 27 बाय 16 मीटर, दोन खांबांत 24 मीटर, मधे आठ चौकोन, प्रत्येक 30 सेंटिमीटरचा. तेच घेतलं. दीड तास गेला. शेवटी एक बाजू 16 मीटर आली आणि दुसरी सव्वापंधरा.

19 नोव्हेंबर, मंगळवार

उद्या मतदान. शाळा म्हणजे मतदान केंद्र. दुपारी कर्मचारी पेट्या घेऊन आले, त्यांची एसटी सरळ मैदानात उभी राहिली. कालची आखणी चाकाखाली. बरं झालं, तिरकीच होती.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

गवंडी मित्राला बोलावलं. त्यानं गुण्या काढला, कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन मीटर, दुसरीवर चार मीटर खूण केली आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर पाच मीटर भरेपर्यंत दोरी सरकवली. कोपरा काटकोनात. चारही कोपरे वीस मिनिटांत झाले. सोमवारी माझे दीड तास उगाच गेले.

मैदानभर सराटे आहेत. पोरींना हातानं वेचायला लावले तर अंधार पडेल. बाईंनी तोड सांगितली: गोणपाट भिजवायचं, दोन टोकांना धरून जमिनीवरून ओढत न्यायचं, काटे आपोआप त्यात टोचून बसतात. चार गोणपाटांत मैदान साफ झालं. नंतर ती गोणपाटं जाळावी लागली, ते वेगळं.

25 नोव्हेंबर, सोमवार

खरी सुरुवात आज. आणि आजच सगळ्यात मोठी चूक.

आखायला घरी रंगकामातून उरलेला चुना होता, तो पसरला. खो-खोत बसणारी मुलगी दोन्ही हात जमिनीला टेकून, एक पाय पुढं घेऊन बसते, उठताना हातांनीच रेटा देते. म्हणजे आठ पोरी तळहात चुन्यात टेकून बसल्या. वर घाम. दहा मिनिटांत तिसरीतल्या सगळ्यात बारकीनं हात झटकायला सुरुवात केली, मग दुसरीनं. "काका, हात चावतोय." मी म्हटलं, माती लागली असेल, पुढं खेळा. खेळ बंद करायला आणखी पाच मिनिटं लावली, ही माझी चूक. सगळ्यांना हापशावर नेऊन भरपूर पाण्यानं हात धुतले, मग खोबरेल. दोघींचे तळवे रात्रीपर्यंत लाल होते. त्यांच्या घरी जाऊन सांगून आलो. एकीची आजी बोलायची तेवढं बोलली. बरोबरच होतं तिचं.

लक्षात ठेवा: घराचा चुना मैदानात नको. दगडाची पांढरी पूड मिळते, आमच्याकडं तिला फक्की म्हणतात, ती आणा. एक पोतं 180 रुपये.

28 नोव्हेंबर, गुरुवार

आज गावचा बाजार. बारापैकी चारच आल्या, बाकीच्या आयांबरोबर बाजाराला. यापुढं गुरुवारी सराव ठेवायचा नाही. बाजारातून शिट्टी 40 रुपये, सुतळी 60.

खांब म्हणून दुकानातले दोन लोखंडी जीआय पाईप रोवले होते. पाचवीतली एक जोरात वळताना खांद्यानं आदळली. खांद्याची काळजी नाही, पण त्याच उंचीला तिसरीतल्या पोरीचं कपाळ येतं. पाईप तेव्हाच उपसले. सुताराला सांगितलं: कडुलिंबाचे दोन गोल खांब, जमिनीवर चार फूट, कंगोरा कुठंही नको. लाकूड आणि मजुरी मिळून 750.

2 डिसेंबर, सोमवार

खांब आले. सुतार म्हणाला सिमेंटात पक्के करू. बाई म्हणाल्या, परिपाठाला पोरं तिथंच रांगेत उभी राहतात, पहिली-दुसरीची आपटतील. मग बोअरच्या केसिंग पाईपचे दीड-दीड फुटाचे दोन तुकडे दुकानात पडून होते ते जमिनीत पुरले, भोवती सिमेंट. खांब सरावाला आत सोडायचा, झाला की काढून वऱ्हांड्यात. भोकावर प्लास्टिकचं टोपण. सगळ्या प्रकरणात पहिल्याच दमात बरोबर झालेलं हे एकमेव काम, म्हणून जरा लांबवून लिहिलं. भोक खांबापेक्षा थोडं मोठं असतं, खांब हलतो, त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा गुंडाळला.

3 ते 7 डिसेंबर

रोज पळवलं. मैदानाला फेऱ्या, मग खांबाला वळसा, मग शिवाशिवी. पोरी खूश, मीही खूश. माणदेशातल्या पोरींना पळायला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बुधवारी रात्री पावसाचा सडा पडला, दुसऱ्या दिवशी फक्की परत टाकावी लागली. आणखी 180.

मैदानाचं माप कमी केलं. चौकोनांमधलं अंतर 2.30 मीटरवरून 1.80 केलं, खांबांत 19 मीटर ठेवले, रुंदी 13. आठ वर्षांच्या पोरीला 24 मीटरची धाव घेऊन खांबाला वळसा घालून परत यायचं म्हणजे दोन खेपांत तिचा जीव जातो. तेव्हा हा निर्णय फार शहाणपणाचा वाटला. पुढं वाचा.

9 डिसेंबर, सोमवार

लेकीवर सगळ्यांसमोर ओरडलो. तिनं तोंड फिरवून मागं बघितलं, फाऊल झाला, तिसऱ्यांदा. बाकीच्या पोरीही तेच करत होत्या, ओरडलो मात्र तिच्यावरच. ती दप्तर उचलून घरी गेली. उद्यापासून येणार नाही म्हणाली. बायको म्हणाली, "मोटार जळाली तर गिऱ्हाइकावर ओरडता का?"

12 डिसेंबर, गुरुवार

बाजाराचा दिवस, पण शेजारच्या वस्तीवरच्या शाळेची मुलं सराव सामन्याला आली म्हणून बाईंनी पोरींना थांबवलं. सात मिनिटांचा डाव.

फाऊल मोजायला माझं वाइंडिंगचं काउंटर नेलं होतं, तारेचे वेढे मोजायचं. एक फाऊल, एक टिचकी. सात मिनिटांत 23. बाद केले दोन.

हरलो ते पळण्यात नाही. मारणारी, म्हणजे पाठलाग करणारी, चांगली पळत होती. प्रश्न बसलेल्या आठ जणींचा होता. वहीत लगेच लिहिलं ते असं:

एक, खो मिळायच्या आधीच उठतात. मारणारी जवळ आली की अंग उचललं जातं. यातच नऊ गेले.

दोन, खो तोंडानं आधी आणि हात मागून, किंवा हात आधी आणि आवाज मागून. दोन्ही एकदम पाहिजे. काहींचा आवाज तर एवढा बारीक की बसलेलीलाच कळत नाही, पंचांना काय कळणार.

तीन, मान वळवून मागं बघतात.

चार, आणि हे सगळ्यात वाईट: खो देऊन रिकाम्या चौकोनात बसताना तोंड कुठं करायचं ते कळत नाही. एकीआड एक उलट तोंडानं बसायचं असतं. तीन-चार खो झाले की दोघी शेजारणी एकाच बाजूला तोंड करून बसलेल्या. मग पुढचा खो चुकतो, मारणारी गोंधळून मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, ओलांडते, शिट्टी.

मोटारीत एक कॉइल उलटी जोडली तर मोटार फिरत नाही, नुसती गुरगुरते. आज तसंच होतं. तीन आठवडे मी पळायलाच शिकवत बसलो. मैदानात नवातल्या आठ जणी कुठल्याही क्षणी बसलेल्या असतात, हे मोजायला मला सामना हरावा लागला.

13 डिसेंबर, शुक्रवार

उपाय काढला: मनगटाला रिबीन. लाल बांधलेली शाळेकडे तोंड करून बसेल, हिरवी पिंपळाकडे. पहिल्या खोपर्यंत छान चाललं. पहिल्या खोनंतर लाल रिबीनवाली हिरवीच्या चौकोनात बसली, तोंड केलं शाळेकडे. दोन मिनिटांत आधीपेक्षा जास्त गोंधळ. दिशा मुलीला नसते, चौकोनाला असते. एवढी साधी गोष्ट. रिबीनी घरी परत. लेक ओट्यावरून बघत होती. हसली, पण आली नाही.

14 डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा, म्हणून अकरानंतर मोठा वेळ मिळाला. चौकोन रंगवले: एकीआड एक पिवळी आणि पांढरी रांगोळी. पिवळ्यात बसलीस तर पिंपळ, पांढऱ्यात बसलीस तर शाळा. रंग 90 रुपये. चाललं. फाऊल 14 वर आले. मी दुपारी जेवताना घरात फुशारकी मारली.

लेक म्हणाली, "स्पर्धेत रंग असणार आहेत का?"

घास तसाच राहिला.

16 डिसेंबर, सोमवार

लेक आली. मी काही बोललो नाही, तीही नाही. तिला उजव्या टोकाकडून तिसऱ्या चौकोनात बसवलं.

रंग पुसले आणि परत गोंधळ. मग पाचवीतल्या एकीनं, जिला सगळ्या वकीलबाई म्हणतात, भांडण काढलं. म्हणाली, काका तुम्ही उगाच वळायला सांगता. मी पाठीमागून येऊन खो देते ना? ती उठून पुढं जाते ना? मग मी आले तशी पुढं तोंड करून खाली बसले की झालं की. वळायचंच कशाला?

मी जमिनीवर काडीनं काढून बघितलं. शाळेच्या बाजूनं पळत येऊन जिला खो द्यायचा तिचं तोंड पिंपळाकडेच असतं, नाहीतर तिच्या पाठीला हात लागलाच नसता. खो दिल्यावर आपलं तोंडही पिंपळाकडेच. बसायचं. दिशा आपोआप बरोबर. गोंधळ होत होता कारण मी त्यांना बसताना विचार करायला लावत होतो, आणि विचार करताना त्या गर्रकन वळत होत्या.

"आली तशी बस." रिबीन, रंग, माझी सगळी अक्कल या तीन शब्दांपुढं वाया. उरलेला वेळ फक्त हेच केलं. धावायचं नाही, चालत. चालत येऊन, पाठीला हात आणि खो एकदम, आली तशी बस. चालत 40 खो. मग जरा भरभर. मग पळत. दहा वर्षांच्या आतल्या पोरींना कुठलीही गोष्ट आधी चालत शिकवावी, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

17 डिसेंबर, मंगळवार

खोच्या आवाजासाठी: डोळे झाकून बसवलं. मी आळीपाळीनं कधी नुसता हात लावायचो, कधी नुसतं खो म्हणायचो, कधी दोन्ही. दोन्ही एकदम झालं तरच उठायचं, चुकीची उठली ती बाद. हा खेळ त्यांना एवढा आवडला की मधल्या सुट्टीतही चालू होता म्हणे. बारकीचा आवाज मात्र निघेना. तिला हापशापाशी उभी केली आणि मैदानाच्या टोकाला उभ्या आजीला हाक मारायला लावली. आजीला नीट ऐकू येत नाही. तिसऱ्या हाकेला आजी वळली. तोच आवाज खोला लावायचा, एवढंच सांगितलं.

18 डिसेंबर, बुधवार

संरक्षणाकडं आज पहिल्यांदा नीट बघितलं, स्पर्धेच्या दोन दिवस आधी. हे काही भूषणाचं नाही. तिघी आत जातात आणि तिघी एकमेकींचा हात धरल्यासारख्या एकाच कोपऱ्यात पळतात. एक बाद झाली की दुसरी तिथंच.

साखळी शिकवायची होती, म्हणजे बसलेल्यांच्या मधून एकदा या बाजूनं एकदा त्या बाजूनं वळत जायचं. "नागमोडी" म्हटलं, कुणाला कळलं नाही. मग एकीची आई बांधावरून म्हणाली, "अगं गोधडीला धावदोरा घालतात तसं." लगेच कळलं सगळ्यांना. सुई खाली, सुई वर. धावदोरा म्हणजे साखळी आणि खांबाजवळ गोल फिरणं म्हणजे जातं. हेच शब्द पुढं राहिले.

मारणाऱ्यांना मधली पाटी ओलांडता येत नाही, पळणारीला येते. ही एवढी सवलत पोरींनी वापरलीच नव्हती, कारण मी कधी सांगितलीच नव्हती.

फाऊल आज 9.

20 डिसेंबर, शुक्रवार: केंद्रस्तर

पाच संघ. पहिला सामना पुढे चाल मिळाला, समोरच्या शाळेच्या सातच पोरी आल्या होत्या. वेळ वाचवायला प्रत्येक डाव पाचच मिनिटांचा.

दुसरा सामना जिंकलो, चार गडी विरुद्ध तीन. चौथा गडी शेवटच्या मिनिटात वकीलबाईनं खांबापाशी मारला. समोरची खांबाला धरून उभी होती, ही तिसऱ्या चौकोनातून लेकीचा खो घेऊन सुटली.

अंतिम सामना हरलो, तीन विरुद्ध सहा. मैदान पावलांनी मोजून आखलेलं होतं आणि आखणारा गडी उंच. चौकोनांमधलं अंतर आमच्यापेक्षा अर्ध्या मीटरच्या वर जास्त. घरी आमच्या पोरी दोन ढांगांत पुढच्या बसलेलीपाशी पोचायच्या, इथं तिसरी ढांग लागत होती. हात पोचायच्या आत खो तोंडातून निघून जायचा. म्हणजे मैदान लहान करून मी सवयच लहान केली. माझं आता मत असं की पहिला आठवडा लहान मैदान ठीक, मग दर आठवड्याला थोडं वाढवत पुऱ्या मापावर यावं. एका मापाला चिकटू नये.

विजेता आणि उपविजेता दोघेही बीटला, म्हणजे काही केंद्रं मिळून होणाऱ्या पुढच्या फेरीला, जाणार. म्हणजे अजून अडीच आठवडे. पोरी नाचल्या. मी मनात राहिलेल्या मोटारी मोजल्या. कांद्याचे दिवस, लोकांना पाणी आजच पाहिजे असतं. एक गिऱ्हाईक पाच एचपीची मोटार उचलून दुसरीकडं घेऊन गेलं. जाताना म्हणालं, "पोरींचं होऊ द्या मग बघू."

23 डिसेंबर, सोमवार

मैदान परत पूर्ण मापात आखलं. फक्की शिल्लक होती, भागली.

शाळेच्या स्कर्टवर बसून उठताना कापड टाचेखाली येतं, दोघी तोंडावर पडल्या होत्या. बाजारातून ट्रॅक पँट 180 रुपयांप्रमाणे बारा, 2160. नऊ घरांनी पैसे दिले. तिघींकडून मागितले नाहीत. बुटांचा विचार केला आणि सोडला, सराटे काढलेल्या मातीत त्या अनवाणीच चपळ आहेत.

30 डिसेंबर, सोमवार

मेंढरं घेऊन बाहेर असलेल्या कुटुंबातली एक, आजीपाशी राहून शाळा शिकत होती, तिला बाप न्यायला आला. आजीला बरं नाही. संघातली सगळ्यात वेगवान तीच. सरावाला आली नाही तेव्हा कळलं, ती सकाळीच गेली होती. ट्रॅक पँट बाईंकडं परत देऊन गेली, धुऊन, घडी घालून.

तेरावीचा पाय बरा झाला होता. तिला आत घेतलं. तिनं सव्वा महिना काठावर बसून गुण लिहिलेत, नियम तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ.

5 जानेवारी 2025, रविवार

शेवटचा मोठा सराव. फाऊल 6. त्यातले चार लवकर उठण्याचे. ते काही पूर्ण जाईना. हात मांडीखाली दाबून बसवून बघितलं, त्यानं उठायलाच उशीर. तसंच सोडलं.

8 जानेवारी, बुधवार: बीट

जीप 1400 रुपये, निम्मे बाईंनी दिले. सकाळी कडाक्याची थंडी, पोरी स्वेटर काढायला तयार नाहीत. मैदान मापात, पंच कडक, डाव सात मिनिटांचे.

पहिल्याच सामन्यात हरलो. सहा विरुद्ध नऊ.

फाऊल मोजले: दोन. बसणं, खो, दिशा, सगळं ठीक. पण पाचव्या मिनिटापासून पोरींचे पाय जड. समोरच्या शाळेच्या पोरी सातव्या मिनिटाला पहिल्यासारख्याच पळत होत्या. 16 डिसेंबरनंतर मी पळवणं जवळजवळ बंद केलं होतं, बसण्याच्या नादात. आधी नुसतं पळवलं, मग नुसतं बसवलं. पुढच्या वेळी रोज पहिली दहा मिनिटं पळणं, काहीही झालं तरी.

परत येताना जीपमध्ये अर्ध्या झोपल्या. बारकीनं शेवटच्या डावात एक गडी मारला होता, तो ती जीपमधल्या प्रत्येकीला वेगवेगळा सांगत होती. दर वेळी समोरची पोरगी थोडी उंच होत होती.

13 जानेवारी, सोमवार

भोगी. दिल्लीत आजपासून खो-खोचा पहिला विश्वचषक. संध्याकाळी दुकानात फोनवर भारत-नेपाळ पुरुषांचा सामना लावला. बाजरीची तीळ लावलेली भाकरी खात सात-आठ पोरी बाकावर दाटीनं बसल्या. तिथं मैदान गादीचं आणि एका बाजूला सातच खेळाडू, आपल्यासारखे नऊ नाहीत. आपला कर्णधार प्रतीक वाईकर महाराष्ट्राचा आहे हे कळल्यावर एकीनं विचारलं, "मग तो कुठल्या केंद्राचा?"

15 जानेवारी, बुधवार

फोनवर सूर मारताना बघितलं, म्हणून दोघींनी मुरमात सूर मारला. कोपर आणि हनुवटी सोललेली. गादीवरची गोष्ट मुरमात करायची नाही हे आधीच सांगायला हवं होतं. डेटॉल, हळद, आणि परत त्याच आजीचं बोलणं.

20 जानेवारी, सोमवार

काल दोन्ही अंतिम सामने नेपाळशी झाले. कर्णधार प्रियांका इंगळेच्या संघानं 78-40 जिंकला, पुरुषांनी 54-36. पोरी आज सरावाला आपण होऊन आल्या, स्पर्धा संपली असूनही. मी दुकान बंद करून गेलो नाही. वकीलबाईनं खांब स्वतःच वऱ्हांड्यातून काढून लावले.

हिशेब: शिट्टी 40, सुतळी 60, खांब 750, फक्की 360, रांगोळी 90, ट्रॅक पँट 2160, जीप 1400, केळी-गूळ-शेंगदाणे 610. एकूण 5470. पँटीचे 1620 आणि जीपचे 700 परत आले. स्वतःचे गेले 3150. हातच्या तीन मोटारी गेल्या, त्यातलं एक गिऱ्हाईक परत आलंय.

पश्चिमेकडच्या खांबाच्या भोकाचं टोपण कुणीतरी नेलं. दोन दिवस त्यावर फरशीचा तुकडा ठेवलाय. दुसरीतल्या एकीचा पाय आज त्यात जाता जाता राहिला. उद्या दुकानातून जाड रबराचं कापून बसवायचं आहे, सकाळी परिपाठाच्या आधी.